छावणी आणि शहर : जबलपूरच्या इतिहासाचा एक अभ्यास

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :
(१) जबलपूर हे लष्करी शहर कसे आणि कोणत्या कारणांनी बनले;
(२) छावणी आणि मूळ शहर यांचा कारभार वेगळा का राहिला;
(३) १८५७ आणि १९४६ या दोन घटना छावणी व शहर यांच्या नात्याबद्दल काय सांगतात.

१. प्रस्तावना

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या पश्चिम काठावर हायलँड फॉल्स नावाचे छोटे गाव आहे. गावाला लागूनच वेस्ट पॉइंट ही प्रसिद्ध लष्करी अकादमी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश जहाजे अडवण्यासाठी १७७८ मध्ये येथे नदीवर लोखंडी साखळी ताणली होती. पुढे १८०२ मध्ये अकादमी सुरू झाली. अकादमीची जमीन संघराज्य सरकारची असल्यामुळे तिच्यावर स्थानिक कर बसत नाही. गावाचा व्यवहार मात्र बराचसा अकादमीवर चालतो.

असे नाते जगात अनेक ठिकाणी दिसते. महाराष्ट्रात खडकी, देवळाली, अहमदनगर, कामठी ही नावे तुमच्या ओळखीची असतील. या पाठात आपण नर्मदेकाठच्या जबलपूरचा विचार करणार आहोत. जबलपूर आकाराने मोठे शहर आहे, त्यामुळे हायलँड फॉल्सशी त्याची तुलना सर्व बाबतींत होणार नाही. पण शेजारी लष्कर असले की गावाचे काय होते, या प्रश्नासाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे.

२. मराठी अंमलापासून ब्रिटिश छावणीपर्यंत

जबलपूरला लागून असलेले गढा हे गोंड राजांच्या गढा-मंडला राज्याचे जुने केंद्र. १७८१ मध्ये हे राज्य सागरच्या मराठी सुभ्याला जोडले गेले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपूर येथे झालेल्या चकमकीनंतर इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. पुढे 'सागर आणि नर्मदा प्रदेश' या नावाने या भागाचा कारभार सुरू झाला.

इंग्रजांनी येथे छावणी का वसवली? नर्मदेच्या खोऱ्यातून जाणारे रस्ते येथे एकत्र येतात. बुंदेलखंड, नागपूर आणि मिर्झापूर या तिन्ही दिशांवर येथून लक्ष ठेवता येत होते. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन यांच्या ठगीविरोधी मोहिमेचे प्रमुख केंद्र जबलपूरच होते. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी येथे उद्योगशाळा काढली गेली. तेथे तंबू आणि गालिचे विणले जात.

३. एका गावात दोन कारभार

येथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या. 'जबलपूर' म्हणताना आपण एकच शहर डोळ्यांसमोर आणतो, पण कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वस्त्या होत्या. जुन्या शहराला नगरपालिका होती. छावणीत मात्र लष्कराचा शब्द अखेरचा. १९२४ च्या कँटोन्मेंट कायद्याने छावणी मंडळात लोकनियुक्त सभासद आले, तरी स्थानिक लष्करी प्रमुखच मंडळाचा अध्यक्ष असे. २००६ च्या नव्या कायद्यातही अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडेच आहे.

जमिनीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बंगाल इलाख्यातील छावण्यांसाठी १८३६ मध्ये गव्हर्नर जनरलच्या आदेशाने नियम ठरले. त्यानुसार छावणीतील जमीन सरकारचीच राहते. बंगला बांधणाऱ्याची मालकी फक्त बांधकामावर असते आणि ठरावीक नोटीस व बांधकामाचा मोबदला देऊन सरकार जमीन परत घेऊ शकते. म्हणजे तीन पिढ्या एकाच घरात राहिलेले कुटुंबही जमिनीचे मालक ठरत नाही. देशभरातील छावण्यांमधले अनेक वाद याच नियमातून न्यायालयांत पोहोचले आहेत.

दोन कारभारांतील फरक राजकारणातही दिसला. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची सुरुवात जबलपुरात नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावण्याच्या प्रश्नावरून झाली. त्यानंतर त्याचे केंद्र नागपूरला गेले. लोकांनी निवडून दिलेली संस्था होती, म्हणून हा प्रश्न तिच्या इमारतीवर उभा राहू शकला.

४. १८५७ : तोफेसमोरचे राजे

छावणी ही शहरावर वचक ठेवण्यासाठी असते असा समज आहे. १८५७ मध्ये काय घडले ते पाहू. छावणीत बंगाल सैन्याची ५२ वी देशी पायदळ पलटण होती. गोंड राजघराण्यातील राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांच्यावर कटाचा आरोप ठेवला गेला. पुराव्यात देवीला उद्देशून लिहिलेली एक काव्यरूप प्रार्थनाही होती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले.

या शिक्षेचा हेतू दहशत बसवणे हा होता. परिणाम उलटा झाला. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून निघून गेली. यातून काय दिसते? छावणीतला शिपाई शहरात जे घडते त्यापासून अलिप्त नव्हता.

५. रेल्वे, कारखाने आणि प्रशिक्षण केंद्रे

१८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला पोहोचली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिला येथेच मिळाली आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पुरा झाला. देशाच्या मध्यभागी, सीमांपासून आणि समुद्रापासून दूर, पण रेल्वेने जोडलेले असे हे ठिकाण शस्त्रनिर्मितीला सोयीचे होते. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी, १९४२ मध्ये खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर सिग्नल दलाचे प्रशिक्षण येथे सुरू झाले. आज ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रे आणि कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्थाही जबलपुरात आहे.

६. फेब्रुवारी १९४६ : शिपाई शहरात येतात

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. पाठोपाठ २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील जवान संपावर गेले. एकूण सुमारे १७०० जण त्यात सामील झाले. निकृष्ट जेवण, ब्रिटिश सैनिकांच्या तुलनेत मिळणारी दुय्यम वागणूक, नौसैनिकांवरील गोळीबार आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले ही असंतोषाची कारणे होती. जवान काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांचे झेंडे घेऊन शहरात गेले. तिलकभूमी तलैया येथे त्यांची सभा झाली. पुढे ब्रिटिश तुकडीने संगिनींचा वापर केला, काही जण जखमी झाले आणि मार्चच्या सुरुवातीस संप संपला. अनेकांना नोकरीतून काढले गेले.

हे जवान निषेधासाठी कुठे गेले, याचा विचार करा. छावणीची हद्द ओलांडून ते शहराच्या सभेच्या जागी गेले. नकाशावरची हद्द त्या दिवशी उपयोगाची ठरली नाही. तरीही मुंबईच्या उठावाइतकी ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसत नाही. सामान्य जवानांनी भोगलेली किंमत विस्मरणात गेली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवले पाहिजे.

७. आजचे प्रश्न

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचे वा स्थानिक संस्थेचे कर सहसा लावता येत नाहीत. हायलँड फॉल्सचा प्रश्न आपल्याकडेही आहे तो असा. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या आणि जबलपूरचे कारखाने त्यांत विभागले गेले. छावण्यांतील नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांत विलीन करण्याची प्रक्रियाही सुरू झाली आहे. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून तिचा आरंभ झाला. मतदानाचा अधिकार, कर आणि जमिनीची मालकी या तिन्ही गोष्टींवर तिचा परिणाम होणार आहे.

८. सारांश

लष्करामुळे जबलपूरला रोजगार आणि उद्योग मिळाले, हे खरे. पण शहर म्हणजे लष्कराने दिलेली देणगी नव्हे. त्याला छावणीपूर्वीचा इतिहास आहे, स्वतःचे राजकारण आहे आणि छावणीतल्या माणसांवर त्याचा प्रभावही पडला आहे. छावणीचे दप्तर जपले जाते, बाजारपेठेचे सहसा जपले जात नाही. म्हणून अशा शहराचा इतिहास वाचताना कागदपत्रे कोणाची आहेत हे आधी विचारा.

विचारासाठी प्रश्न

१. १८५७ आणि १९४६ च्या घटनांत कोणते साम्य व कोणता फरक दिसतो?
२. रेल्वे आणि शस्त्रनिर्मिती यांचा संबंध जबलपूरच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या जवळच्या एखाद्या छावणीतील सदर बाजाराला भेट द्या. तेथील जुन्या दुकानदारांशी बोला आणि जागेच्या मालकीबद्दल ते काय सांगतात ते एका पानात लिहा.