राणी मुंगीचा एकांतवास



मृगाचा पाऊस पडून गेला, कीं आमच्या आलापल्लीस सागाच्या रानांतून पंखांच्या मुंग्या दिव्याभोंवतीं जमूं लागतात. मरण आलें म्हणजे मुंगीला पंख फुटतात, असें आपण म्हणतों. नरांच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे. परंतु त्याच थव्यांतील थोरल्या देहाच्या मादीचा तो राज्यारोहणाचा मुहूर्त होय. मुलें अशी राणी धरून डबींत ठेवितात, साखर घालतात, घटकेघटकेला झांकण उघडून पाहतात. मग ती आपलींच अंडीं खाऊन टाकते, किंवा मरून जाते. माया खरी, पण रीत उलटी. खरी रीत माणसाला उमगावयास बराच काळ लागला.

जिनीव्हाच्या पिएर ह्यूबरनें १८१० सालच्या आपल्या ग्रंथांत, मीलनानंतर राणी आपले पंख आपणच तोडून टाकते, हें लिहून ठेविलें. पण एकटी राणी वारूळ वसवूं शकते, कीं जुन्या वारुळांतील कामकरी मुंग्या तिला साह्य करितात, हा वाद राहिलाच. लंडनचे पेढीवाले सर जॉन लबक यांनीं १८७६ च्या ऑगस्टांत बागेंत उडणाऱ्या दोन जोड्या धरून, ओली माती, अन्न व पाणी देऊन निराळ्या ठेविल्या. वसंतांत नर मेले. एप्रिलांत अंडीं दिसलीं आणि १८७७ च्या जुलैंत पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. याच लबक यांनीं १८७४ सालीं पाळावयास घेतलेली दुसऱ्या जातीची एक राणी १८८८ पर्यंत जगली! मुलांच्या डबींत आठवड्यांत काय नाहीसें होतें, तें यावरून समजावें.

परंतु लबक यांनीं अन्न दिलें होतें. पुष्कळ जातींच्या राण्या तर बिळांत स्वतःस कोंडून घेऊन आठवडेच्या आठवडे निराहार राहतात. मग पिलांना भरवितात काय? याचा उलगडा फ्रान्सच्या शार्ल जाने यानें १९०७ सालीं केला. पंख गेले तरी ते हालविणारे जाड स्नायू छातींत असतात. ते विरघळतात, आणि त्यांतूनच पिलांचें पोषण होतें.

म्हणून अशी राणी मिळाल्यास परीक्षानळींत थोडें पाणी घ्यावें, कापसाच्या बोळ्यानें तें अडवावें, राणी आंत सोडून तोंडाशीं दुसरा बोळा बसवावा, आणि नळी अंधारांत ठेवून द्यावी. साखर नको, हालविणें नको. आठवड्यांतून एकदां पाहिलें तरी पुष्कळ झालें. पहिल्या कामकरी मुंग्या अगदींच किरकोळ निपजतात. त्या हिंडूं लागल्या म्हणजे साखरपाण्याचा थेंब व किड्याचा तुकडा द्यावा.

सर्वच जातींना मात्र हा नियम लागत नाहीं. भारतांतील मुंग्यांवर लिहिणाऱ्यांत वनाधिकारी बरेच. १८९२ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिणारे रॉटन तसे, आणि १९०३ सालीं मोठा ग्रंथ काढणारे बिंगहॅमही तसेच. कचेरींत बसणाऱ्याला मुंगी कोठून दिसणार? त्या ग्रंथांत उड्या मारणारी एक मुंगी आहे. जर्डन नांवाच्या शल्यवैद्यानें १८५१ सालीं तिचें नामकरण केलें. तिची राणी उपास करीत नाहीं. घर मांडतांनाहि स्वतः शिकारीस निघते. तिला नळींत बंद करून ठेविलें, तर भुकेनेंच मरेल. लहान जिवंत किडे तिला पुरवावेच लागतात.