लिंकनच्या खोलीतले वस्तरे

आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीबाहेर एक फ्रेम लटकलेली असायची. अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र, अनुवाद वसंत बापट. तुमच्याही शाळेत असेल. लिंकनने असं पत्र लिहिल्याचा काहीही पुरावा नाही, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. मग त्याची खरी पत्रं शोधली, तर त्यातलं एक शाळेच्या भिंतीवर कधीच लागणार नाही असं निघालं.

तारीख २३ जानेवारी १८४१. लिंकन तेव्हा ३१ वर्षांचा. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात आमदार, स्प्रिंगफील्ड गावात वकील. आपला भागीदार जॉन स्टुअर्ट याला तो कळवतो की, आज जिवंत असलेल्या माणसांत माझ्याइतका दुःखी कोणी नाही. माझं दुःख सगळ्या जगाला वाटून टाकलं तरी पृथ्वीवर एक हसरा चेहरा उरणार नाही. आणि असंच राहणं शक्य नाही. एक तर बरं व्हावं लागेल, नाही तर मरावं लागेल.

त्या महिन्यात बरंच काही एकदम कोसळलं होतं. मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. ज्या कालवे-रेल्वेच्या योजनांसाठी त्याने जोर लावला होता, त्यांच्यापायी राज्य कर्जात बुडालं होतं. आणि जवळचा मित्र जोशुआ स्पीड दुकानातला आपला हिस्सा विकून केंटकीला घरी परतायच्या तयारीत होता.

हा स्पीड भेटला १८३७ मध्ये. लिंकन घोड्यावरून गावात आला आणि त्याच्या दुकानात गादी-पांघरुणाचा भाव विचारू लागला. हिशेब झाला १७ डॉलर. लिंकन म्हणाला, स्वस्त आहे, पण माझ्याकडे पैसे नाहीत. वकिली चालली तर नाताळपर्यंत देईन. इतका उदास चेहरा आपण कधी पाहिला नव्हता, असं स्पीडने पुढे सांगितलं. त्याने सुचवलं, वर माझी खोली मोठी आहे, पलंग दोघांचा आहे, इथेच राहा. लिंकन वर गेला, खोगिराच्या पिशव्या जमिनीवर ठेवल्या, हसत खाली आला आणि म्हणाला, झालं सामान हलवून. पुण्यात फ्लॅट शोधलेल्या कोणालाही हेवा वाटावा असा हा किस्सा.

जवळजवळ चार वर्षांनी, त्या जानेवारीत, स्पीडने काय केलं? त्याने लिंकनच्या खोलीतले वस्तरे, चाकू आणि धोक्याच्या सगळ्या वस्तू उचलून नेल्या.

हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी माझा फ्लॅटमेट तीन आठवडे खोलीबाहेर पडत नव्हता. मी रोज दाराशी उभा राहून त्याला मोटिव्हेशनल गोष्टी ऐकवायचो. ‘चल, ट्रेकला जाऊ’, ‘लोकांना किती प्रॉब्लेम असतात बघ’. त्याच्याजवळ काय आहे, तो रात्री झोपतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं तर आपणच त्याच्या डोक्यात काहीतरी भरवू, अशी भीतीही होती. स्पीडने आधी खोली सुरक्षित केली आणि मग बोलायला बसला. तू बरा झाला नाहीस तर मरशील, असं त्याने स्पष्ट सांगितलं. त्यावर लिंकन म्हणाला, मरायला माझी हरकत नाही, पण मी जगून गेलो हे कोणाला आठवावं असं काहीच अजून केलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात लिंकन स्पीडच्या घरी, लुईव्हिलजवळच्या फार्मिंग्टनला जाऊन राहिला. मोठं घर, माणसांची ये-जा, आणि स्पीडच्या आईने दिलेलं बायबल. पण ते घर उभं होतं पन्नासहून अधिक गुलामांच्या कष्टांवर. आपला नायक बरा होत होता तेव्हा त्याच आवारात इतक्या माणसांच्या दुःखाची चौकशी कोणी करत नव्हतं, हे विसरून ही मैत्रीची गोष्ट मला सांगता येत नाही. परतीच्या बोटीत त्या दोघांनी साखळीने जखडलेले बारा गुलाम पाहिले. १८५५ मध्ये, गुलामगिरीवरून दोघांचं पटेनासं झालं होतं तेव्हा, लिंकनने स्पीडला लिहिलं की ते दृश्य मला सतत छळत राहिलं.

पुढे पारडं फिरलं. स्पीडचं फॅनी हेनिंगशी लग्न ठरलं आणि तोच घाबरला: माझं तिच्यावर खरंच प्रेम आहे का? जानेवारी १८४२ मध्ये तो निघाला तेव्हा लिंकनने त्याच्या हाती एक पत्र दिलं, मन खचलं तर वाचायला. त्यात कारणं मांडली होती. तुझा स्वभाव मुळात नाजूक. प्रवासातली खराब हवा. हाताला काम नसेल, बोलायला मित्र नसतील. आणि वर लग्नाचा दिवस जवळ येतोय. म्हणजे ही भावना खरं बोलते आहे असं समजू नकोस. बग येण्याआधीच लिहून ठेवलेली नोट म्हणा ना. फेब्रुवारीत स्पीडचं लग्न झालं. त्यानंतर आलेलं त्याचं पत्र लिंकनने इतक्या धास्तीने उघडलं की बातमी चांगली निघूनही दहा तासांनंतर तो पुरता शांत झाला नव्हता. वर्षभरापूर्वी ज्याच्यापासून वस्तरे लपवावे लागले, तो आता दुसऱ्याची काळजी वाहत होता. माझ्या मते त्याला उभं करण्यात या जबाबदारीचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने मेरीशी लग्न केलं.

म्हणून स्पीडने त्याला वाचवलं म्हणायचं का? त्या जानेवारीपुरतं, हो. पण उदासी गेली नाही. चालताना त्याच्या अंगातून ती ठिबकते, असं त्याचा पुढचा भागीदार हर्नडन म्हणायचा, आणि ती व्हाइट हाउसमध्येही सोबत होती. शिवाय त्याच जानेवारीत लिंकन डॉक्टर अॅन्सन हेन्रीला गावाचा पोस्टमास्तर करा म्हणून खटपट करत होता, कारण हा डॉक्टर गाव सोडून गेला तर आपण तगणार नाही असं त्याला वाटत होतं. म्हणजे जिवलग मित्र जवळ असतानाही त्याला डॉक्टर हवा होता. तेव्हाचं औषध म्हणजे रक्त काढणं, जुलाब, पाऱ्याच्या गोळ्या; तरीही.

आणि लेनर्ड वुल्फचं काय? १९१२ मध्ये त्याने व्हर्जिनियाशी लग्न केलं, पुढच्याच वर्षी ती गंभीर आजारी पडली. तो तिच्या प्रकृतीची रोजची नोंद ठेवायचा, तिची झोप, खाणं, पाहुण्यांची वेळ सांभाळायचा. तिचं मन हाताच्या कामात रमावं हाही एक हेतू ठेवून दोघांनी १९१७ मध्ये छपाईचं यंत्र घेतलं. त्यातून होगार्थ प्रेस उभी राहिली. मार्च १९४१ मध्ये व्हर्जिनियाने जीवन संपवलं. जाताना तिने त्याला लिहून ठेवलं की, मला कोणी वाचवू शकलं असतं तर ते तूच. स्पीडपेक्षा लेनर्ड कुठे कमी पडला, हे मला शोधूनही सापडत नाही. त्याने केलं त्याचं मोल मी त्या आधीच्या जवळपास तीस वर्षांत मोजतो. तिच्या सगळ्या कादंबऱ्या त्याच वर्षांत पूर्ण झाल्या.

फ्लॅटमेटला मी शेवटी सायकायट्रिस्टकडे घेऊन गेलो. तीन तास वेटिंग होतं. गोळ्या अजून चालू आहेत, मधे एकदा पुन्हा वाईट महिना येऊन गेला. आता मी थेट विचारतो. कधी तो उत्तर देतो, कधी नुसता चहा टाकतो.

१८६३ मध्ये गुलाममुक्तीचा जाहीरनामा निघाल्यानंतर लिंकनने स्पीडला त्या जुन्या संभाषणाची आठवण करून दिली. कोणाला आठवावं असं काहीतरी आता हातून झालं, अशी आशा वाटते, असं तो म्हणाला. स्पीड स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातला, आणि त्या जाहीरनाम्याला त्याचा आधी विरोध होता.