त्वचेवाटे विषबाधा आणि बालकांची सुरक्षितता : फ्रान्समधील मोराँज टाल्क प्रकरण (१९७२)

प्रस्तावना

विष पोटात गेले तरच बाधते, असा सर्वसाधारण समज असतो. त्यामुळे बालकांच्या अंगाला लावावयाची औषधे व पावडरी निर्धोक मानल्या जातात. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये घडलेल्या मोराँज टाल्क प्रकरणाने हा समज खोटा ठरविला. या प्रकरणाची पार्श्वभूमी, स्वरूप व कायदेविषयक परिणाम यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक १९४० च्या दशकात प्रचारात आले. स्टॅफिलोकॉकस जंतूंपासून रक्षण व्हावे म्हणून अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत नवजात अर्भकांना त्याच्या ३ टक्के द्रावणाने स्नान घालीत. प्राण्यांवरील प्रयोगांत या द्रव्याने मेंदूला इजा होते असे आढळल्यावर डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा नित्य स्नानाविरुद्ध इशारा दिला. तथापि स्नान थांबविलेल्या काही रुग्णालयांत जंतुसंसर्ग वाढल्याच्याही नोंदी झाल्या.

घटनेचे स्वरूप

मोराँज टाल्कमध्ये हे द्रव्य असावयासच नको होते. उत्पादनाच्या वेळी ते चुकून मिसळले गेले व त्याचे प्रमाण ६ टक्क्यांहून अधिक झाले. २०४ मुले आजारी पडली. त्यांपैकी ३६ दगावली. लंगोटाच्या जागी त्वचा लाल होणे, उलट्या, झटके व बेशुद्धी ही लक्षणे दिसली. बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक असते. शिवाय लंगोटाखालील ओलसर, सोलवटलेली त्वचा द्रव्य अधिक शोषून घेते. लाल झालेली त्वचा शमविण्यासाठी तीच पावडर पुन्हा लावली, तर बाधा वाढतच जाणार हे उघड आहे.

कायदेविषयक परिणाम

सप्टेंबर १९७२ मध्ये अमेरिकेने हेक्झाक्लोरोफिनच्या वापरावर कडक निर्बंध घातले. फ्रान्समध्ये पावडर हे प्रसाधन असल्याने औषधांना लागू असलेली तपासणी तिला लागू नव्हती. ही उणीव १० जुलै १९७५ च्या प्रसाधनविषयक कायद्याने दूर करण्याचा प्रयत्न झाला. फौजदारी खटल्याचा निकाल मात्र १९८० मध्ये लागला.

निष्कर्ष

धोक्याची सूचना घटनेपूर्वीच मिळाली होती. परंतु ती रुग्णालयातील स्नानापुरती होती, घरातील पावडरीच्या डब्यापर्यंत ती पोहोचली नाही. बालकाच्या त्वचेवर लावावयाच्या पदार्थाची पारख तो औषध आहे की प्रसाधन यावरून न होता, त्यातील कोणते द्रव्य किती प्रमाणात शरीरात जाते यावरून व्हावयास हवी, हेच या प्रकरणावरून स्पष्ट होते.