शिरगावचा रावणताड

सातपाटीहून दक्षिणेस निघाले की लगेच शिरगाव लागते. तेथील किल्ल्यातील एक ताड पाहणाऱ्यास थबकवतो. ताड म्हटला की एकच सरळ खोड. याचे खोड मात्र दुभंगते आणि त्याच्या फांद्याही पुन्हा दुभंगतात. या अनेक मस्तकांमुळेच लोक त्यास रावणताड म्हणतात.

हा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, तो मराठ्यांनी घेतला. १५३५ ते १९६१ पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दीवमध्येही हे झाड पुष्कळ असून तेथे त्यास 'होका' म्हणतात. त्यामुळे पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेतून आणले, असा समज रूढ झाला. आफ्रिकेत त्याचा भाऊबंद 'डूम' ताड आहेही. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात त्याची फळे सापडली होती.

परंतु आपला रावणताड ही वेगळी जात आहे. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॅहॅमच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तिची द्विशाखी ताड म्हणून नोंद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आज ती पश्चिम भारताचीच मानतात. काजू आणि अननस पोर्तुगीजांनी आणले, हे खरे; म्हणून किल्ल्यात उभे असलेले प्रत्येक झाड त्यांनीच लावले, असे होत नाही.

पिकलेल्या फळाची तंतुमय, गोडसर साल चघळतात. कोवळा गर खातात. जून झालेली बी मात्र दगडासारखी कठीण होते. झावळ्यांच्या चटया व केरसुण्या होतात. लागवड करणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बीचा कोंब प्रथम खोल जमिनीत उतरतो, म्हणून ती कायमच्या जागीच पेरावी. रोप उपटून दुसरीकडे लावल्यास सहसा जगत नाही. शिवाय नर व मादी झाडे वेगळी असतात. एकट्या झाडाला फळ धरत नाही. म्हणून चार-सहा बिया जवळजवळ पेराव्यात आणि धीर धरावा, कारण वाढ फार सावकाश होते.

या किनाऱ्यावरील आम्हां ख्रिस्ती लोकांनाही पुष्कळदा 'पोर्तुगीजांनी आणलेले' समजले जाते. आमच्याकडे श्रद्धा समुद्रावरून आली. आमची भाषा, शेती आणि माणसे मात्र याच मातीतली. म्हणूनच या झाडाचा खरा इतिहास आम्हांला जवळचा वाटतो. परके ठरवलेले झाड कोणी मुद्दाम लावीत नाही. ते आपले आहे हे कळले, तर कोणीतरी एखादे बी खास पेरील.