जपानी फटफटी आणि भिसे खिंड

मंडळी, आमच्या रोह्याच्या घराच्या पडवीत एक गाडी उभी आहे. काळी यामाहा आरएक्स १००, १९९० सालची, एमएच-०६ पासिंगची. नात्यातल्या बहुतेकांनी तिच्यावर कधी ना कधी बसून घेतलेलं आहे. दोघातिघांनी तर परवाना काढण्याआधी तिच्यावरच हात साफ केला, नावं घेत नाही!

गेल्या महिन्यात पुण्याहून नातू आला आणि म्हणाला, "आजोबा, ही मला द्या ना. मी हिची कॅफे रेसर करतो." मोबाइलवर त्याने फोटो दाखवले. मागची सीट कापलेली, हँडल खाली उतरवलेलं, टायर जाडजूड, मडगार्ड गायब, सायलेन्सर आखूड. दिसायला देखणी, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. गाडी त्यालाच द्यायची हे माझ्या मनात कधीपासून आहे, कारण माझ्या गुडघ्यांना आता किक मारवत नाही. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. "गौरी-गणपतीत सांगतो," म्हणालो. आता का थांबलो ते सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. मास्तर माणूस, दुसरं काय करणार!

मी १९७४ साली पेणला शाळेत लागलो तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, १९८१ मध्ये त्याचं रायगड झालं. त्या काळी फटफटी म्हणजे डॉक्टरांची, कंत्राटदारांची नाहीतर पोलिसांची. मद्रासमध्ये १९५५ पासून बनणारी बुलेट मूळची इंग्रज, राजदूतचा आराखडा पोलंडचा आणि म्हैसूरची येझदी मूळची चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची. गाड्या दणकट, पण जड. राजदूतवाला पंपावर पेट्रोलमध्ये मापाने ऑइल ओतून घ्यायचा आणि गाडी गदागदा हलवून ते मिसळायचा, हे दृश्य माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर असेलच. मास्तरांसाठी आपली लाल यष्टी. दर शनिवारी पेण, वडखळ, नागोठणे आणि मग भिसे खिंड चढून रोहा, असा चाळीसेक किलोमीटरचा प्रवास. शनिवारची दुपारची गाडी चुकली की घरी पोचायला रात्र.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी करार करायला परवानगी दिली आणि चित्रच पालटलं. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००. १९८६ मध्ये आपल्या बजाजची कावासाकी केबी १००. चारही जपानी वळणाच्या, चारही शंभरीतल्या. याच सुमारास थळला खताचा कारखाना, नागोठण्याला पेट्रोकेमिकल आणि रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, अशी आपल्या भागात नोकरदारांची वस्ती वाढत होती. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्याला यष्टी कुठली मिळायला? त्याने ही हलकी गाडी घेतली.

आता या चार नावांपैकी तीन एकाच गावची आहेत, हे मला फार उशिरा कळलं. जपानमध्ये हामामात्सु नावाचं शहर आहे. तिथे १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनी हातमागाचा कारखाना काढला. तिथेच १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस यंत्रांची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकली. आणि तिथेच १८८७ साली तोराकुसु यामाहा या कारागिराने एका प्राथमिक शाळेची बिघडलेली बाजाची पेटी, म्हणजे रीड ऑर्गन, दुरुस्त केली. त्या दुरुस्तीतून यामाहा कंपनी उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात आजही तीन स्वरकाटे आहेत. फटफट्या बनवायला वेगळी कंपनी निघाली ती १९५५ मध्ये आणि तिची पहिली गाडी एका जर्मन गाडीवर बेतलेली होती. जपानी लोकांनी तिला 'लाल चतुर' असं नाव दिलं होतं.

गंमत पुढेच आहे. शाळेतल्या पेटीत हवा गेली की पितळेची पातळ जीभ थरथरते आणि सूर उमटतो. आरएक्सच्या इंजिनातही कार्बोरेटरच्या तोंडाशी तशाच पातळ पत्त्या असतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या आत येऊ देतात, पण उलट बाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे कमी वेगातही इंजिनात जोर राहतो. शाळेची पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नावाची गाडी एका मास्तराच्या दारात यावी, आणि तिच्या पोटातही तशीच पत्ती असावी, हा योगायोग मला अजून सुखावतो.

असो. स्टाफरूममध्ये 'कुठली घ्यावी' यावर महिनोन्महिने खल चालायचा. आमचे विज्ञानाचे सर सीडी १०० च्या बाजूचे. ती फोर-स्ट्रोक, पेट्रोल अगदी थेंबाथेंबाने पिणारी. हिशेबी माणसाची गाडी. राजदूत ३५० चं नाव मात्र कुणी मोठ्याने घ्यायचं नाही. यामाहाचं ते सत्तरच्या दशकातलं आरडी ३५० मॉडेल एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवलं. दोन सिलिंडर, सहा गिअर. मूळ जपानी इंजिनाची ३९ अश्वशक्ती इथे पेट्रोल वाचवण्यासाठी ३०च्या आसपास आणली, आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला. पळायला वाघ, थांबायला गोगलगाय. मी फंडातून कर्ज काढून १९९० मध्ये आरएक्स घेतली. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. दोन माणसं आणि तांदळाची पिशवी घेऊन ती भिसे खिंड तिसऱ्या गिअरवर चढायची.

नातवाला वाटतं की गाडीत बदल करणं ही आजची कल्पना आहे. अरे बाबा, या गाड्या भारतात आल्या त्याच बदल होऊन! जपानी आराखड्यात नसलेली एक वस्तू इथे प्रत्येक गाडीला लागली, ती म्हणजे साडीगार्ड. मागच्या चाकात पदर जाऊ नये म्हणून जाळी, आणि एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला पाय ठेवायला पट्टी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर मागे बसणाऱ्यासाठी मूठ, पायपट्टी आणि मागच्या चाकाला आडोसा हवाच असं लिहिलेलं आहे. जपानी गाडी मराठी झाली ती अशी. पुढे आपल्या लोकांनी तिला कॅरिअर लावलं, चिखलासाठी मडगार्डला रबराचा पट्टा लावला, पावसात प्लगवर पिशवी बांधली. यातल्या प्रत्येक बदलाला कारण होतं.

माझ्या बदलांना कारण नव्हतं.

१९९२ ची गोष्ट. चाळिशी जवळ आली होती आणि शाळेतल्या मुलांनी 'सर, तुमची गाडी म्हातारी दिसते' म्हटलं होतं. एवढं पुरलं. मी मूळचं हँडल काढून आखूड, सरळ हँडल बसवलं. पुढचा फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवून गाडी पुढून खाली घेतली. मागच्या २.७५ च्या रिमवर जाड टायर चढवला. आणि साडीगार्ड काढून टाकलं, कारण ते 'शोभत नव्हतं'. पेणच्या नाक्यावर आठ दिवस फार कौतुक झालं.

जुलैत सौ.ला घेऊन रोह्याला निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. भिसे खिंडीत उताराच्या वळणावर समोरून ट्रक आला. मी गाडी आत घ्यायला गेलो, तर हँडल अपेक्षेपेक्षा पटकन वळलं, मी दचकून मागचा ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला निघालं. मला खरचटलं. ही मात्र फेकली गेली, कारण पाय रोवायला पट्टीच नव्हती. खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. एकदाच बोलली, "गाडी सजवलीत तुम्ही, पडले मी." पुढे तीस वर्षांत तिने तो विषय काढला नाही आणि मी तो विसरलो नाही.

गाडी परत नीट केली ती पेणच्या एका मिस्त्रींनी. त्यांच्या गॅरेजला लागूनच गणपतीचा कारखाना होता. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सर, साचा एकच असतो. रंग आणि डोळ्यांची आखणी तुमच्या आवडीची करा. पण साचा वाकडा केलात तर मूर्ती उभी राहणार नाही." मग त्यांनी मला गाडीचा साचा समजावला. पुढचा फोर्क तिरका असतो. त्याच्या वरच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. ढकलगाडीचं छोटं चाक ओढल्यावर आपोआप मागे राहून सरळ धावतं, तसंच हे. पुढून गाडी खाली घेतली की हे अंतर कमी होतं आणि गाडी चंचल होते. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की तो चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणात पकड कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही.

सायलेन्सरचंही तसंच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. त्याचं फुगीर पोट आणि निमुळतं टोक यांमुळे धुराची लाट आपटून उलट येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो कापला की आवाज वाढतो आणि चढावरची ताकद जाते.

मोठमोठ्या कंपन्याही यात ठेचकाळल्या आहेत. १९६९ मध्ये कावासाकीने ५०० सीसीची तीन सिलिंडरची गाडी काढली. इंजिन भन्नाट, पण सांगाडा आणि ब्रेक त्याला पुरे पडत नव्हते. त्या काळात जपानी इंजिन काढून दुसऱ्याच्या मजबूत सांगाड्यात बसवणारे कारागीर इंग्लंडमध्ये होते. आणि ज्या कॅफे रेसरचे फोटो नातू दाखवतो, ती मूळची लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या १९५०-६० च्या दशकातल्या पोरांची. त्यांनी हँडल खाली घेतलं ते मोकळ्या रस्त्यावर वारा कापायला. भिसे खिंडीत वारा कापायचा नसतो, खड्डा चुकवायचा असतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आपली गाडी तपासणीला न्यावी लागते. माझी २०२५ मध्ये पाचव्यांदा पास झाली, ती मूळ रूपात आहे म्हणून.

भाचेमंडळींपैकी आणखी कुणी जुनी आरएक्स शोधत असेल (१९९६ मध्ये ती बंद झाली आणि आता भाव ऐकून छाती दडपते), तर रंगाला भुलू नका. चासी आणि इंजिनचे नंबर आरसीशी ताडून बघा. कोकणातली गाडी असेल तर टाकीच्या खाली, मडगार्डच्या आत आणि स्पोकच्या मुळाशी गंज बघा. मागचं चाक धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग तरी गेलेत नाहीतर स्विंग आर्मचे बुश. सिलिंडर किती वेळा बोअर झालाय ते विचारा, कारण प्रत्येक वेळी तो थोडा मोठा होतो आणि त्याला शेवट असतो.

तर नातवाला माझं उत्तर असं. गाडी तुझी. आधी स्विंग आर्मचे बुश, फोर्कचं ऑइल आणि सील, ब्रेकचे लायनर, चेन आणि मूळ मापाचे नवे टायर, एवढं कर. गाडी वळणात कशी बसते ते बघ. मग रंग, टाकीवरच्या पट्ट्या, सीटचं कव्हर, क्रोम, हवी तशी आखणी कर. साच्याला हात लावायचा नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवलं. खांद्याचा भाग येईल तेव्हा काय म्हणेल याची धास्ती होती. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "द्या त्याला गाडी. पण मागची सीट आणि पाय ठेवायची पट्टी तशीच ठेवायला सांगा. गणपतीत धावीर महाराजांच्या देवळात जाताना मी त्याच्यामागे बसणार आहे."