सॅम्पलमधली व्हायोलिन्स : टेपपासून संगणकापर्यंत

खऱ्या वादकाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी त्यासाठी टेपवर चालणारे वाद्य बनवले. त्याच तत्त्वावर १९६३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन तयार झाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा स्वतंत्र तुकडा असे. पट्टी दाबली की तो पुढे सरके आणि सुमारे ८ सेकंदांत संपे. त्याहून लांब सूर धरता येत नसे.

१९७९ साली ऑस्ट्रेलियात पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी आणलेल्या फेअरलाइटने टेपची जागा संगणकाच्या स्मृतीला दिली. ही स्मृती मात्र फार तोकडी होती. एकच मुद्रित सूर अनेक पट्ट्यांवर ताणला जाई. वरच्या पट्टीत व्हायोलिन पातळ होई आणि सुराचे कंपनही वेगाने होई. खालच्या पट्टीत याउलट घडे.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात असे मुद्रित सूर, म्हणजेच सॅम्पल्स, थेट हार्ड डिस्कवरून वाजू लागली आणि ही अडचण सुटली. प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरकस असा वेगवेगळा मुद्रित करता आला. तोच सूर लागोपाठ आला तर दर वेळी निराळे मुद्रण वाजवण्याची सोय झाली, त्यामुळे यांत्रिक खडखडाट टळला.

तरीही एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना सांधा दिसत असे. चेलोवादक हर्ब टुचमांडल यांनी २००० साली स्थापलेल्या व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीने नेमके हे सांधेच मुद्रित केले. पहिली पट्टी सोडण्याआधी दुसरी दाबली, की संगणक त्या दोन सुरांमधली वादकाने प्रत्यक्ष वाजवलेली जोड शोधून लावतो. सूर चालू असताना त्याचा जोर कीबोर्डवरच्या चाकाने कमीजास्त केला, की गजाच्या दाबाचा भास होतो. हे चाक हलवले नाही, तर उत्तम सॅम्पल्सही निर्जीव वाटतात.

या तंत्राची झळ मुंबईलाही बसली. हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनच्या ताफ्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असत. सिंथेसायझर आणि सॅम्पल्स आल्यावर, विशेषतः १९९०च्या दशकात, त्यांचे काम झपाट्याने घटले.

खऱ्या व्हायोलिनवर मात्र गजाचा प्रत्येक फेर थोडा वेगळा पडतो. ती विविधता साठवलेल्या मुद्रणांतून पुरती उभी राहत नाही. म्हणून आजही जेथे परवडते तेथे मोजके वादक बोलावून त्यांचे वादन सॅम्पल्समध्ये मिसळले जाते.