बांध किती उंच असावा? नेदरलँड्सचा १९५३ चा महापूर आणि एका आकड्याचा इतिहास

३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. उत्तर समुद्रावर वायव्येचे वादळ घोंघावत होते आणि नेमकी तीच रात्र उधाणाच्या भरतीची होती. नेदरलँड्सच्या हवामान संस्थेने धोक्याचा इशारा दिला होता. परंतु मध्यरात्रीनंतर नभोवाणी बंद असे, आणि नैर्ऋत्येकडील झेलंड प्रांत झोपेत होता. पहाटेपर्यंत ठिकठिकाणचे समुद्रबांध फुटले. १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली.

या रात्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजच्या धाग्यात तिच्या आधीची आणि नंतरची कागदपत्रे पाहू, कारण हवामानबदलाशी जुळवून घेताना वैज्ञानिक आणि राज्यकर्ते यांनी एकत्र काम कसे करावे, या आजच्या प्रश्नाची एक जुनी वाट तिथून जाते.

नेदरलँड्सची सुमारे पाव भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. कोकणातील खारभूमीचे बांध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे बांधामागे भातखाचरांऐवजी शहरे वसली आहेत. बांधाची उंची ठरवण्याची शतकानुशतकांची रीत साधी होती. आठवणीतले सर्वांत उंच पाणी पाहायचे, त्यावर थोडी उंची वाढवायची. म्हणजे प्रत्येक बांध मागच्या पुरासाठी बांधलेला असे.

१९३९ मध्ये वेमेल्सफेल्डर या अभियंत्याने हूक फान होलंड येथील पाणीपातळीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या रीतीचा पायाच हलवला. पाणी जितके उंच, तितका त्याचा प्रसंग विरळ. मात्र ही विरळता एका नियमाने वाढत जाते आणि 'याहून उंच पाणी येणारच नाही' अशी रेषा कुठेही सापडत नाही. त्याच सुमारास सरकारी जलबांधकाम खात्यातील अभियंते योहान फान फेन नैर्ऋत्येचे बांध मोजत होते. बरेचसे बांध धोकादायकरीत्या बुटके आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी नेमलेल्या समितीचे तेच सचिव होते. परंतु युद्ध आले. निष्कर्ष गोपनीय राहिले. युद्धानंतर पुनर्बांधणीने तिजोरी अडवली. पुढे या इशाऱ्यांची हकिकत लिहिताना फान फेन यांनी स्वतःसाठी 'डॉ. कॅसांड्रा' हे टोपणनाव घेतले. ग्रीक पुराणातील कॅसांड्राला भविष्य दिसे, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे.

खाड्यांची मुखे बांधून टाकण्याचा त्यांचा आराखडा सादर झाला तो २९ जानेवारी १९५३ रोजी. पूर दोन दिवसांनी आला.

मला या प्रकरणात कोणी खलनायक सापडत नाही. वैज्ञानिक बोलले, राज्यकर्त्यांनीही ऐकले असेल. पण 'किती धोका पत्करायचा' हा प्रश्न कुणी कुणाला जाहीरपणे विचारलाच नव्हता. तो विचारला गेला २१ फेब्रुवारी १९५३ नंतर. त्या दिवशी सरकारने डेल्टा समिती नेमली. फान फेन तिचेही सचिव झाले.

समितीने अभियंत्यांसोबत गणितज्ञांनाही पाचारण केले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रातील डेव्हिड फान डान्झिख यांनी मांडणी केली ती अशी : बांध उंच करावा तसा खर्च वाढतो आणि पुराने होणारे संभाव्य नुकसान घटते. दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती योग्य उंची. जमीन हळूहळू खचत आहे आणि त्या मानाने समुद्र चढत आहे, हेही त्यांनी हिशेबात धरले होते. १९५० च्या दशकात! मनुष्यजीवनाची किंमत मात्र पैशांत कशी मांडावी, हा पेच आपल्या शास्त्राने सुटत नाही याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

गणिताचे उत्तर फार कडक निघाले. समितीने सर्वांत दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी त्याहून सौम्य आकडा स्वीकारला : दरवर्षी १०,००० मध्ये १. म्हणजे हूक फान होलंड येथे ५ मीटर उंचीचे पाणी. १९५३ मध्ये ते ३.८५ मीटरपर्यंत चढले होते. अनेकजण याचा अर्थ 'दहा हजार वर्षांतून एकदा' असा घेऊन निश्चिंत होतात. पण ८० वर्षे जगणाऱ्या माणसाला असा पूर पाहावा लागण्याची शक्यता जवळजवळ एक टक्का उरते. ती मान्य करणे हे गणिताचे काम नव्हे. ते संसदेचे काम होते, आणि १९५८ च्या डेल्टा कायद्याने तिने ते केले.

आकड्यात न मावलेल्या गोष्टी पुढे आल्याच. ऊस्टरस्खेल्डे खाडी भक्कम बांधाने बंद होणार म्हटल्यावर कालवे-शिंपल्यांवर जगणारे येरसेकेचे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी उभे राहिले. १९७० च्या दशकात बांधाचे काम थांबवून योजना बदलण्यात आली. १९८६ मध्ये तिथे ६२ दारांचा अडथळा उभा राहिला : एरवी भरती-ओहोटी चालू, वादळात दारे बंद. खर्च खूप वाढला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत प्रौढ निर्णय होय.

दुसरी डेल्टा समिती २००७ मध्ये, कोणताही पूर आलेला नसताना नेमली गेली. माजी कृषिमंत्री केस फेरमान अध्यक्ष होते. २१०० पर्यंत समुद्र ०.६५ ते १.३० मीटर चढू शकतो हे धरून नियोजन करावे, असे तिने २००८ मध्ये सांगितले. देशाच्याच हवामान संस्थेने २००६ मध्ये ३५ ते ८५ सेंटिमीटर असा अंदाज दिला होता, त्यामुळे समितीवर अतिशयोक्तीची टीका झाली. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. हवामान संस्था काय होण्याचा संभव अधिक आहे ते सांगत होती. समितीला हवी होती ती टोकाची, तरीही शक्य कोटीतली उंची, कारण बांध शतकासाठी बांधायचा असतो. २०१२ पासून नवा डेल्टा कायदा लागू झाला : स्वतंत्र डेल्टा आयुक्त, स्वतंत्र निधी, दरवर्षी संसदेपुढे कार्यक्रम.

फान डान्झिख यांना छळणाऱ्या प्रश्नाला कायद्याने २०१७ मध्ये उत्तर दिले. बांधामागे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीचा पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात १ हून अधिक असू नये, आणि सारे बांध २०५० पर्यंत या कसोटीला उतरावेत. ते काम अद्याप चालू आहे.